टाइपराव

डोंबिवलीत नव्या माणसाची चौकशी करायची एक रीत आहे. आधी आडनाव, मग "म्हणजे मूळचे कुठले?", मग "त्या अमक्यांचे तुम्ही कोण?" एवढ्यावर समोरच्याची जात, तालुका आणि आमटीत गूळ पडतो की नाही, सगळं उलगडतं. टाइपरावांना ही रीत रानटी वाटते. ते नव्या भाडेकरूला लिफ्टमध्ये गाठतात आणि विचारतात, "तुमचा टाइप कोणता?" परवा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने "सी टाइप आहे काका, देऊ का?" म्हणत पाठीवरच्या बॅगेतून चार्जर काढला.

टाइपरावांना चार्जर नको होता, चार अक्षरं हवी होती. पहिलं अक्षर आय की ई, म्हणजे अंतर्मुख की बहिर्मुख. दुसरं एस की एन, म्हणजे डोळ्यांसमोरच्या तपशिलावर विसंबणारा की पलीकडच्या शक्यता हुंगणारा. तिसरं टी की एफ, म्हणजे निर्णय घेताना तर्क पुढे करणारा की माणसांची मनं जपणारा. चौथं जे की पी, म्हणजे सगळं आधी ठरवून टाकणारा की शेवटच्या घटकेपर्यंत मोकळं ठेवणारा. या जोड्यांचे एकूण सोळा प्रकार होतात. सगळी मनुष्यजात टाइपराव या सोळा खणांत बसवतात आणि वर हळूच सांगतात, "खरं म्हणजे त्यातले चार-पाचच कामाचे."

टाइपराव हे नाव त्यांना लोकलच्या ग्रुपने दिलं. खिडकीवाला कोण, दारात लटकणारा कोण, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसून मुलुंडपर्यंत एक शब्दही न बोलणारा कोण, याचं निदान ते रोज उभ्या उभ्या करत. चौथ्या सीटवाला आय असतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो नुसता अवघडलेला असेल, ही शक्यता त्यांच्या फॉर्मात नाही.

मुळात गृहस्थ असे नव्हते. एका कंपनीच्या खरेदी खात्यात चांगले गप्प बसून काम करत. मग कंपनीने अधिकाऱ्यांना दोन दिवस लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेलं. पहिल्या दिवशी एकमेकांवर विश्वास बसावा म्हणून डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, असा कार्यक्रम झाला. लेखा विभागाने टाइपरावांना झेललं नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून घेतला आणि निकाल आला, आयएनटीजे. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, असे लोक मोजके असतात. दूरदृष्टी, स्वतंत्र बुद्धी, आणि मूर्खपणा म्हणून खपत नाही. वडील, बायको आणि साहेब या तिघांनी आजवर ज्याला हेकटपणा म्हटलं होतं, त्याला त्या दुपारी चार इंग्रजी अक्षरांची पदवी मिळाली. वहिनींनी हेच निदान कैक वर्षांपूर्वी फुकटात केलेलं होतं. पण त्यासोबत प्रमाणपत्र नव्हतं आणि चिक्कीही नव्हती.

तेव्हापासून त्यांचं आयुष्य सोपं झालं. बारशाला जायचं नाही, कारण "मी आय आहे." विजेचं बिल भरायचं राहिलं, तर "मी एन आहे, तपशील हे माझं क्षेत्र नव्हे." वहिनींना पाहुण्यांसमोर तोडून बोलले, तर "तो माझा टी बोलला." दुसऱ्यांच्या बाबतीतही ते उदार आहेत, हे मात्र मान्य करायला हवं. नळवाला "उद्या येतो" म्हणून चार दिवस उगवला नाही, तेव्हा अख्खी बी विंग त्याच्या कुळाचा उद्धार करत होती. टाइपराव एकटे शांत होते. "तो पी आहे. पी माणसाला तारखेत बांधलं की तो मिटतो." वहिनी त्या वेळी मोरीत बादली उपसत होत्या. माणूस समजून घेतला की त्याचं काम करावं लागत नाही आणि त्याच्याकडून करूनही घ्यावं लागत नाही, हा या शास्त्राचा मोठा फायदा आहे.

हे शास्त्र आलं कुठून, हे त्यांना विचारू नका. ते कार्ल युंगपासून सुरू करतात आणि कल्याण येतं. युंगचं माणसांच्या प्रकारांवरचं पुस्तक 1921 चं, हे खरं. पण चाचणी त्याने केली नाही. ती केली कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी, आणि दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. इझाबेल तर डिटेक्टिव्ह कादंबरी लिहिणारी. मला यातली सर्वांत आवडती गोष्ट अशी, की या साऱ्या खटाटोपाला मोठी चालना एका जावयामुळे मिळाली. मुलीने लग्नासाठी निवडलेला क्लॅरेन्स मायर्स आपल्या घरच्यांपेक्षा भलत्याच पद्धतीने विचार करतो, हे बघून सासूबाई बुचकळ्यात पडल्या आणि माणसांच्या प्रकारांचा कसून अभ्यास करू लागल्या. आपल्याकडे जावयाला दशमग्रह म्हणून लोक मोकळे झाले. त्या बाईने त्या ग्रहाची पत्रिका मांडायला घेतली. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत, कचेऱ्यांत शिरल्या, तेव्हा कुणाला कुठलं काम मानवेल हे कळावं म्हणून इझाबेलने प्रश्नावली तयार करायला घेतली. हेतू भलाच होता. त्या प्रश्नावलीचा शेवट लोणावळ्यात होईल, हे तिला कुठून कळावं?

आमची खरी जुंपते ती पुढे. मी त्यांना एकदा बर्ट्राम फोररचा प्रयोग सांगितला. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात त्याचं म्हणून व्यक्तिमत्त्ववर्णन ठेवलं. किती जुळतं ते पाचपैकी गुण देऊन सांगा, म्हणाला. सरासरी आली 4.26. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो फोररने रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून जमवला होता. टाइपरावांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला असले प्रयोग आवडणारच. तू टी आहेस."

मग मी म्हटलं, काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं निदान एखादं अक्षर तरी बदलतं, असं संशोधकांना आढळलंय. कारण बहुतेक माणसं मध्येच कुठेतरी असतात. पाच फूट पाच इंचांवर रेघ मारून अलीकडचे सगळे बुटके आणि पलीकडचे सगळे ताडमाड म्हटले, तर रेघेपाशी उभ्या असलेल्याची उंची चपलेवर ठरणार. टाइपराव म्हणाले, "बदलतात ते पी."

यापुढे वाद घालता येत नाही. मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा भर आज पाच मोजपट्ट्यांवर आहे, आणि त्या माणसाला खणात न टाकता कुठला गुण किती ते सांगतात, हेही मी सुचवून पाहिलं. त्यांनी ती यादी वाचली. तिच्यात चिंता-चिडचिडीकडे असलेला कलही मोजतात, हे दिसल्यावर कागद घडी करून परत दिला. असली गोष्ट केबिनच्या दारावर लावता येत नाही.

बाकी माणसांची वर्गवारी करायला आपल्याला लोणावळ्याला जायची गरज नव्हती. वात-पित्त-कफ आहेत, सत्त्व-रज-तम आहेत. समर्थांनी तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाच्या लक्षणांपासून सुरुवात केली आणि शेवटी शिकलेल्या मूर्खांसाठी वेगळा समास राखून ठेवला. फरक एवढाच, की ती लक्षणं सोडून देण्यासाठी सांगितली होती. "मी पढतमूर्ख आहे, मला असाच समजून घ्या" असं गळ्यात अडकवून फिरायची सोय समर्थांनी ठेवली नाही.

पुतणीचं स्थळ आलं तेव्हा टाइपराव फॉर्म घेऊन बैठकीत बसले होते. छत्तीस गुण म्हणजे अंधश्रद्धा, सोळा टाइप म्हणजे विज्ञान, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्या आत्या सुपारी कातरत म्हणाल्या, "यात मंगळ असतो का रे?"

"मंगळ नसतो, आत्या. पण समजा दोघंही जे निघाले, तर एका घरात दोन वेळापत्रकं. रोज खटके."

"मग एकनाडच की ती. आमचे गुरुजी एकशे एक रुपयात सांगतात."

एवढं सगळं असूनही त्या फॉर्मवर मी एका कारणासाठी खूश आहे. मागे एकदा गौरी जेवायच्या दिवशी टाइपरावांनी जमलेल्या सगळ्या नातेवाइकांकडून तो भरून घेतला. वहिनी ओट्यापाशी पुरण वाटत होत्या, म्हणून त्यांचा फॉर्म हे वाचून दाखवत होते आणि उत्तरंही बहुतेक स्वतःच लिहीत होते. एक प्रश्न असा आला, की खूप माणसांत वावरल्यावर तुम्हाला ताजंतवानं वाटतं की दमायला होतं? यांनी "ताजंतवानं"वर खूण करायला पेन टेकवलंच होतं.

"अहो, थांबा. दमायला होतं."

"अगं, नीट ऐक प्रश्न. तू बहिर्मुख आहेस. सगळ्यांचं हसून करतेस."

"हसते म्हणजे दमत नाही का?"

टाइपरावांनी बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा आय आलं. लग्न झाल्यापासून दर गणपतीत त्या बाईने सगळं खटलं सांभाळलं होतं आणि गर्दीने तुला शीण होतो का, हे तिला ना सासरी कुणी विचारलं होतं, ना माहेरी. विचारलं ते एका छापील कागदाने. चाचणीचं विज्ञान लंगडं असेल, पण प्रश्न अस्सल होता, आणि घरात कुणाला तो आपणहून सुचला नसता. टाइपरावांना तर नाहीच; ते निकाल लावण्यात गुंतलेले होते.

वहिनींनी मात्र शास्त्र लगेच वापरायला काढलं. दुपारची पंगत उठली तशी खोलीत जाऊन त्यांनी आतून कडी घातली. टाइपराव दारावर टकटक करत राहिले. आतून आवाज आला, "अंतर्मुख माणसाला एकांतातून ऊर्जा मिळते, तुमच्याच कागदावर आहे. पाच वाजता येते." चहा टाइपरावांनी केला. आत्यांनी एक घोट घेऊन भाच्याबद्दल चारच अक्षरं उच्चारली. ती त्या सोळांपैकी कशातच बसत नाहीत.

ही बातमी हळदीकुंकवातून पसरली. पुढच्या गणपतीत आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या बायका अंतर्मुख निघाल्या. ज्यांच्या हसण्याने जिन्यातली कबुतरं उडतात, त्या तळमजल्यावरच्या काकूसुद्धा. नमुन्यात काहीतरी गफलत आहे, असं टाइपराव कमिटीच्या बैठकीत पोटतिडकीने सांगत होते, पण सेक्रेटरींना गौरीच्या स्वयंपाकाची काळजी होती. शेवटी केटररला बोलवायचं ठरलं. तो आला, माणसं किती, पुरणपोळ्या किती, कटाची आमटी तिखट की बेताची, सगळं वहीत टिपलं. टाइपराव त्याला निरखत होते.

"एक विचारू? तुमचा टाइप कोणता?"

"प्युअर व्हेज," तो म्हणाला. "आणि निम्मे पैसे ॲडव्हान्स."