तेहतीस टोमॅटोंचं वाण

अधिक महिन्यात जावयाला मत नसतं. शास्त्राप्रमाणे तो त्या महिन्यापुरता विष्णू असतो, आणि विष्णूला आजवर कुणी 'रात्री काय खाणार?' असं विचारलेलं नाही. समोर पुरणाचे धोंडे येतात, त्यांच्यावर तुपाची धार येते, आणि त्याने हात आडवा केला तर ती धार हातावर पडते. 2023 साली अधिक आला तो श्रावण. असा अधिक श्रावण एकोणीस वर्षांनी आला होता, म्हणजे सासरच्या मंडळींकडे एकोणीस वर्षांचा उत्साह शिल्लक होता. सोलापूरहून आत्यांचा (सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात) फोन आला, त्यात 'याल का?' हा प्रश्नच नव्हता. ''हुतात्माने या. त्या नव्या वंदे भारतने येऊ नका, त्यात जेवायला देतेत म्हणं. मग हितं येऊन माणूस जेवत नाही,'' एवढीच सूचना होती.

पुण्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये त्या महिन्यात जावई चटकन ओळखू येत होते. इस्त्रीचा शर्ट, शेजारी प्रसन्न बायको आणि चेहऱ्यावर ऑपरेशनला निघालेल्या माणसाचा शांतपणा. भिगवणला समोरच्या गृहस्थांनी विचारलं, ''धोंडे का?'' मी मान हलवली. ते म्हणाले, ''आम्ही गेल्या आठवड्यात झालो.'' यावर दोघांनीही पुढे काही बोलण्यासारखं नव्हतं. जेऊर, कुर्डुवाडी, मोहोळ करत गाडी सोलापुरात शिरली तेव्हा मेहुणा स्कूटर घेऊन उभाच होता आणि घरी रात्रीचं 'हलकं' म्हणून कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आमटी, भात, आणि उद्याच्या पुरणातलं थोडं आजच, असा बेत होता.

दुसऱ्या दिवशी धोंड्यांचं तिसरं वाढप झाल्यावर आत्यांनी शास्त्र बाजूला ठेवून विचारलं, ''रात्रीला काय करू जावईबापू?'' मी म्हटलं, ''काहीतरी हलकं. पास्ता वगैरे चालेल.''

वास्तविक पास्ता हलका नसतो. पण पुरणपोळीच्या घरात जी वस्तू कुणी करत नाही ती हलकी, असा माझा हिशेब होता. मेहुण्याला मात्र यात गावाची अब्रू दिसली. ''म्हंजे सोलापुरात इटालियन मिळत नाही असं म्हणायचंय का दाजींना?'' तो बहिणीला विचारत होता. जावयाशी थेट वाद घालणं त्या महिन्यात निषिद्ध असावं.

रात्री आम्ही जुळे सोलापुरातल्या एका कॅफेत जाऊन बसलो. मेन्यूकार्डात इटलीला स्वतंत्र पान होतं. त्यात पनीर टिक्का पिझ्झा, शेजवान पास्ता, तंदुरी मोमो आणि 'मेक्सिकन (जैन)' असे प्रांत होते. पोऱ्याने विचारलं, ''सर, रेड करू, व्हाईट करू का पिंक?'' पिंक म्हणजे काय असं मी विचारल्यावर त्याने मला न्याहाळलं आणि मेहुण्याकडे बघून उत्तर दिलं, ''दोन्ही एकत्र.'' भारतात इटालियन जेवण या तीन रंगांत विभागलेलं आहे, हे सोलापूरलाच नाही, पुण्यालाही लागू आहे. आम्ही रेड मागवला. नळीदार पास्ता, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, वर किसलेलं चीज, आणि या सगळ्यावर एक गोडसर लाल आवरण, ज्याचा उगम टेबलावरच्या बाटलीत असावा अशी शंका यावी. सोबत तीच बाटली, कमी पडलं तर म्हणून.

मेहुण्याने दोन घास खाल्ले, इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून शेंगाचटणीची पुडी काढली. सोलापूरकर कोर्टात, इस्पितळात आणि विमानात ही पुडी बाळगून असतो. ती त्याने पास्त्यावर मोकळ्या हाताने पेरली आणि ताटली माझ्याकडे सरकवली. ''आता खा.''

इथे जरा थांबलं पाहिजे, कारण तो घास खरोखर उत्तम होता. याचं कारण इटलीतच सापडतं. नेपल्सकडे गरिबाघरचा एक पास्ता आहे: तेल, लसूण, लाल मिरची, बस. दक्षिणेत ज्यांना चीज परवडत नसे ते त्यावर भाजलेला शिळ्या पावाचा चुरा घालत. आता सोलापुरी चटणी बघा. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, आणि हे सगळं उखळात इतकं कुटायचं की दाण्याचं तेल सुटून गोळा मुसळाला चिकटायला लागतो. म्हणजे तेल, लसूण, मिरची आणि चुरा, चारही कलमं एका पुडीत, वर पुन्हा प्रवासात टिकणारी. तिकडे जिनोव्हा शहरात दगडी खलात तुळशीची चटणी कुटण्याची जागतिक स्पर्धा भरते. आमच्या आत्यांना कुणी वेळेवर कळवलं असतं तर तो करंडक टीव्हीवर चादरीच्या शेजारी दिसला असता.

पण मेहुण्याचं समाधान झालं नाही. ''हे झालं पोरासोरांचं. अस्सल इटालियन पायजे ना? उद्या तेरला चला.''

तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं गोरोबाकाकांचं गाव, एवढं मला माहीत होतं. तिथे पिझ्झा मिळतो हे माहीत नव्हतं. तुळजापूर, धाराशिव करत आम्ही निघालो. तुळजापूरला देवीचं दर्शन झालं, तिथेच भजी झाली, आणि सोयाबीनच्या शेतांमधून जाताना मेहुण्याने शांतपणे खुलासा केला की तेरला खायला काही मिळणार नाही, बघायला मिळेल.

आणि मिळालं. हे गाव म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासपुस्तकात, पेरिप्लसमध्ये, त्याचा पत्ता दिला आहे: भडोचहून वीस दिवस दक्षिणेला पैठण, तिथून दहा दिवस पूर्वेला तगर, आणि तिथून गाड्यांवर लादून कापड भडोचच्या बंदरात जातं. ''बघा,'' मेहुणा म्हणाला, ''चादरी पाठवणं आमच्या भागाला नवं नाही.'' रोमशी चाललेल्या त्या उलाढालीच्या खुणा गावच्या मातीत सापडत राहिल्या आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या. त्यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय गावात आहे. मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या, रोमन धाटणीच्या वस्तू.

तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. अगदी तिच्या नात्यातली वाटावी अशी दुसरी 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात निघाली. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे बाई त्याआधीच तिकडे नांदायला गेली होती. ती आमच्या तेरची की भोकरदनची यावर जाणकारांचे पक्ष आहेत; मेहुण्याचा पक्ष तुम्हाला कळला असेल. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नसल्यामुळे तिला तिथल्या 'गुप्त' दालनात, चावट चित्रांच्या शेजारी ठेवलेलं आहे. घरी हे सांगितल्यावर आत्या म्हणाल्या, ''लांब दिलेल्या लेकीचे हालच असतेत.''

मेहुण्याने परतीच्या वाटेवर हिशेब मांडला. नेपल्स हे पिझ्झाचं माहेर. पॉम्पेई त्याच्या शेजारी. ''आपण त्यांना बाई पाठवली, कापड पाठवलं. त्यांनी परतीचा आहेर म्हणून पिझ्झा पाठवायला दोन हजार वर्षं लावली. आणि तोही जुळे सोलापुरात पनीर टिक्का घालून पोचला.''

त्या रात्री ठरलं की सॉस घरीच करायचा. अडचण एकच होती. त्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती. जुन्नरकडचे टोमॅटोवाले कोट्यधीश झाल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि मंडईत विक्रेते टोमॅटो हारासारखे रचून मागे पाळत ठेवून बसले होते. आत्यांनी भाव ऐकला, जावयाकडे पाहिलं, आणि एका वाक्यात निकाल दिला: ''मग वाणालाच टोमॅटो देते.''

अधिकात जावयाला वाण द्यायचं ते तेहतिसाच्या हिशेबाने. तेहतीस अनारसे किंवा तेहतीस बत्तासे, तांब्याच्या ताटात, वर दिवा. तेहतीस टोमॅटोंची कल्पना बायकोला भयंकर आवडली. आक्षेप शेजारच्या काकूंनी काढला. त्या तेलुगू बोलणाऱ्या, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग चाललेला, आणि धर्मशास्त्रात मराठी माणसापेक्षा पक्क्या. ''वाणाला जाळीदार पदार्थ लागतो,'' त्या म्हणाल्या. मेहुणा म्हणाला, सोबत चीज देऊ, चीजला भोकं असतात. मी सांगितलं की ते चीज स्विस, इटलीत चालणार नाही. शेवटी आत्यांनी एक टोमॅटो आडवा चिरला, आतले कप्पे काकूंना दाखवले, आणि जाळी मान्य झाली. कापलेला धरून तेहतीस भरले. मला ओवाळण्यात आलं आणि माझंच वाण ताबडतोब स्वयंपाकघरात जप्त झालं.

तेलाचा प्रश्न आला. मेहुण्याने ऑलिव्ह ऑइल आणलं ते औषधाच्या दुकानातून, हाताएवढ्या बाटलीत. ''हे तर बाळाच्या मालिशचं,'' आत्या म्हणाल्या आणि बाटली देवघराच्या वरच्या फळीवर गेली. घाण्याचं शेंगदाणा तेल आलं. बेझिलची पानं फुलवालीकडे मिळाली. फालुद्यात आपण ज्याच्या बिया घालतो तो सब्जा म्हणजे बेझिलच. आपला जरा उग्र असतो, लवंगेकडे झुकणारा, पण शिजला की निवळतो.

सॉस सांगणं सोपं आहे. टोमॅटोच्या बुडाला फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकायचे, साल आपोआप सुटतं. तेलात लसूण नुसता पिवळा होईतो परतायचा, लाल झाला की कडवट होतो. मग टोमॅटो, मीठ, आणि मंद आचेवर पाऊण तास. एवढा वेळ काही न घालता नुसतं बघत राहायचं, हा भाग आमच्या घराला झेपणारा नव्हता. मी फोन घ्यायला वळलो की कढईत काहीतरी पडल्याचा आवाज येई. एकदा काळं तिखट. एकदा चिमूटभर गूळ. तो मात्र बरोबर होता, आपले टोमॅटो आंबट आणि पाणीदार असतात, त्यांना तो लागतो. आणि मग मूठभर दाण्याचं कूट.

मी म्हटलं, ''आत्या, इटलीत कूट घालत नाहीत.''

''त्यांच्याकडं शेंगा नसतील.''

मी मग इटलीचा इतिहास सांगायला घेतला. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला. इटलीत त्याची पहिली नोंद 1544 ची, पण छापील पाककृती आली ती थेट 1690 च्या दशकात, नेपल्सच्या अंतोनियो लातिनीच्या पुस्तकात.

''म्हंजे दीडशे वर्षं नुसते बघत बसले?''

''विषारी असेल अशी भीती होती.''

''मग काय केलं त्यानं?''

''निखाऱ्यावर टोमॅटो भाजले, साल काढली, बारीक चिरले. त्यात कांदा, मिरची, थोडा रानओवा, मीठ, तेल, व्हिनेगर.''

आत्यांनी झारा कढईच्या कडेला ठेवला. ''ही तर भाजलेल्या टोमॅटोची चटणी. आठवड्यातून दोनदा करते मी. आणि तुम्ही तीनदा मागून घेता.'' यावर युक्तिवाद नव्हता. इटलीतल्या पहिल्या टोमॅटो सॉसमध्ये आणि आत्यांच्या चटणीत फरक फक्त कुटाचा निघाला, आणि त्याही बाबतीत त्यांनी इटलीला संशयाचा फायदा दिला.

सॉस तयार झाला तेव्हा लक्षात आलं की पास्ता आणायचा राहिला होता. बाहेर पाऊस कोसळत होता. आत्या कोठीत गेल्या आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या. उन्हाळ्यात केलेलं वळवट. गव्हले, मालत्या, नखुल्या आणि फणोल्या. फणोली म्हणजे कणकेची इवली गोळी फणीवर दाबून पुढे लोटायची. ती आतून पोकळ वळते आणि पाठीवर बारीक रेषा उमटतात. इटलीत एमिलिया-रोमान्या भागात हुबेहूब अशाच रेघांच्या नळ्या करतात, आणि त्यासाठी पूर्वी वापरत ती मागाची फणी. हे ऐकून काकू घरी गेल्या आणि सासऱ्यांच्या वेळच्या हातमागाची जुनी फणी पदराने पुसत घेऊन आल्या. आत्यांनी थोडी कणीक घट्ट भिजवली, काकूंनी गोळी घेतली, अंगठ्याने फणीवरून अशी काही सफाईने सरकवली की ती वळून, रेघा घेऊन, परातीत टपकन पडली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग परात भरेपर्यंत कुणाचं ऐकलं नाही.

दुधागुळाचं वळवट तिखटात घालायचं का, यावर थोडी कुजबुज झाली. अधिक महिना आहे, देव समजून घेईल, असं ठरलं. फणोल्या उकळून कढईत पडल्या, सब्ज्याची पानं हाताने चुरडून वर गेली, मेहुण्याने पुडी काढलीच. विष्णूला पहिलं ताट मिळालं. मी सावधपणे खायला सुरुवात केली आणि नंतर सावधपणा सोडला. आतल्या पोकळीत सॉस शिरलेला, रेघांवर कूट अडकलेलं, मागून येणारं काळं तिखट. ताट पुसून झाल्यावर आत्यांनी न विचारता पुन्हा वाढलं. यावेळी मी हात आडवा केला नाही.

काकूंनी बोट चाटत विचारलं, ''कुठलं म्हणायचं हे?''

''पुण्याकडं करतेत असलं,'' आत्या माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाल्या.

''पुण्याचं कुठलं ओ,'' मेहुणा कढई खरवडत म्हणाला, ''तेरचं आहे.''