वाईटात वाईट किती?

अल्गोरिदमची पुस्तकं लिहिणारी माणसं मूळची आमच्याच घराण्यातली असावीत, असा मला दाट संशय आहे. एखादी रीत समजावून झाली, की यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: वाईटात वाईट काय होईल? नशिबाने साथ दिली तर काम किती लवकर उरकेल, याला पुस्तकात एखादी ओळ. सरासरी किती वेळ लागेल, याला थोडी अधिक जागा. पण सगळंच उलटं पडलं तर काय, याचा मात्र अगदी सिद्धतेसकट काथ्याकूट.

आमच्याकडेही असंच असतं. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायला लोकलने साधारण ऐंशी मिनिटं लागतात. आमच्या घरात हा आकडा कोणी धरत नाही. मानखुर्दला सिग्नल गेला, कुर्ल्याला पाणी भरलं आणि वडाळ्याला गाडी थांबली, तर किती, हा आमचा आकडा. त्यामुळे आम्ही लग्नाला पोचतो तेव्हा मांडव घालणारे चहा पीत असतात.

ही पुस्तकं माझ्या हाती आली ती भाचीमुळे. ती नवीन पनवेलला इंजिनिअरिंग शिकायला आमच्याकडे राहिली, नोकरी लागली तशी पुण्याला गेली आणि पुस्तकांचा ढीग मामाकडे ठेवून गेली. त्यात कानेटकरांचं ‘लेट अस सी’ होतं. नागपूरच्या माणसाने लिहिलेलं, पाठीवर हात ठेवून समजावणारं. एलिस हॉरोविट्झ आणि सरताज सहानी यांचं डेटा स्ट्रक्चर्सचं पुस्तकही होतं. मूळ १९७६ सालचं. आणि यातले सहानी जन्माने पुण्याचे, म्हणजे विषय अगदीच परका नाही. सगळ्यात खाली कोर्मेन, लायसरसन, रिव्हेस्ट आणि स्टाइन यांचा हजारावर पानांचा ठोकळा. १९९० च्या पहिल्या आवृत्तीत तिघंच होते, स्टाइन पुढच्या आवृत्तीत आले. एवढं ओझं तिघांच्याने उचलवत नसणार.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मला प्रोग्राम लिहायचा नव्हता, पुस्तक वाचायचं होतं. भाचीला हे पटत नाही. “मामा, नुसतं वाचून काय होणार? कोड लिही ना,” असं ती फोनवर म्हणते. मी रद्दीतली वही आणि पेन्सिल घेऊन बसतो. पाच-सात आकडे मांडायचे, पुस्तक सांगेल तसे एकेक हलवायचे, प्रत्येक पायरीला नवी ओळ. कॉलेजातली मुलं याला ड्राय रन म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री करतात. मी दुपारी जेवणानंतर करतो. संगणकाला डोळ्याची पापणी लवायच्या आत जमणारं काम मला तासभर पुरतं, आणि निवृत्त माणसाला याहून अधिक काय हवं?

या ठोकळ्याचं आणि माझं पहिलं वाजलं ते बिग ओवरून. ही मंडळी मोजमाप करताना स्थिरांक सरळ सोडून देतात. एका रीतीला हजार पायऱ्या लागल्या आणि दुसरीला त्याच्या दसपट, तरी यादी वाढेल तशी दोन्ही एकाच चालीने वाढत असतील, तर यांच्या लेखी दोघी सारख्याच! पस्तीस वर्षं रोज लोकलने फोर्टात जाऊन आलेल्या माणसाला हे सांगून बघा. त्याचं सगळं आयुष्य त्या स्थिरांकात गेलेलं असतं.

समेट झाला तो अमॉर्टाइझ्ड विश्लेषणाच्या प्रकरणात. अ‍ॅरे म्हणजे आकडे ठेवायच्या जागांची रांग. ती भरली की दुप्पट जागा घ्यायची आणि सगळे आकडे उचलून तिकडे न्यायचे. त्या एका वेळी खर्च मोठा येतो. मग पुस्तक म्हणतं, प्रत्येक आकडा आत येतानाच त्याच्याकडून थोडं जास्त घेऊन ठेवा, ते त्याच्या नावे जमा राहील आणि हलवाहलवीच्या दिवशी त्यातूनच भागेल. हिशेब केला तर दर आकड्यामागे खर्च ठरावीकच येतो. या युक्तीला पुस्तकात नावही हिशेबनिसाचंच आहे. हे प्रकरण मी एका बैठकीत संपवलं. आवर्ती ठेव माहीत असलेल्या माणसाला त्यात अडण्यासारखं काहीच नाही. भाचीचे मित्र म्हणे तिथेच अडले होते.

डायक्स्ट्रापाशी मात्र मी मुक्कामच ठोकला. या डच गृहस्थाने १९५६ साली सर्वांत जवळची वाट काढायची रीत शोधली, ती अ‍ॅमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर बाजारहाट करून दमल्यावर, एका कॅफेत कॉफी पिता पिता. वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय. त्या वीस मिनिटांत त्या मुलीने काय केलं, याबद्दल पुस्तकं गप्प आहेत. त्याच्या डोक्यात रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा प्रश्न होता. माझ्यापुढे पनवेलहून गणपतीला गावी जायचा होता, आणि आमचं गाव चिपळूणच्या पुढे.

वहीत गावं मांडली, रेघांनी जोडली. पळस्पे फाट्यावरून सरळ पेण, वडखळ, नागोठणे, वाकण, कोलाड, माणगाव, महाड. दुसरी वाट द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून पाली आणि मग वाकणला येऊन मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं. अंतराने पहिली वाट सोपी. पण पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर कोकणी माणसाने किलोमीटर मोजणं सोडलं, तो तास मोजतो. मीही रेघांवर तासच लिहिले.

रीत अशी, की आपल्यापासून सर्वांत जवळचं गाव आधी घ्यायचं, त्याचा आकडा पक्का करायचा, मग त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे सुधारायचे. एकदा पक्कं झालेल्या गावाकडे पुन्हा वळून बघायचं नाही. अट एकच: कुठल्याही रेघेवर शून्याखालचा आकडा नको. ती आम्हाला मान्यच आहे. या रस्त्याने कुणाला तास परत दिल्याचं ऐकिवात नाही. पण वडखळचा आकडा गणपतीत पक्का कसा करायचा? मी दोन तास लिहिले. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, चार लिहा.” शेजारच्या काकांनी स्वतःची पेन्सिल आणून सहा केले. डायक्स्ट्राला असे शेजारी नसावेत.

भाची गणपतीच्या आदल्या दिवशी पुण्याहून आली. खरं तर ताम्हिणी घाट उतरून ती परस्पर माणगावला जाऊ शकली असती, पण मामीबरोबर मोदकाचं सामान न्यायचं होतं. रात्री तिने वही पाहिली आणि मला क्विकसॉर्ट समजावला. टोनी होअर नावाच्या इंग्रज तरुणाने १९५९ मध्ये मॉस्कोत शिकत असताना ही रीत शोधली. रशियन वाक्यातले शब्द कोशात शोधण्याआधी त्याला ते वर्णक्रमाने लावून हवे होते. यादीतला एक आकडा पिव्हट धरायचा, लहान डावीकडे, मोठे उजवीकडे, आणि मग दोन्ही तुकड्यांत पुन्हा तेच. दहा लाख आकडे असले तरी एरवी दोन-तीन कोटी तुलनांत काम होतं. पण दर वेळी पहिलाच आकडा पिव्हट धरला आणि यादी आधीच नीट लावलेली निघाली, तर तुलना जातात पन्नास हजार कोटींवर. शिस्तीत आलेल्याला सगळ्यात जास्त ताटकळावं लागतं, हे ऐकून मला थेट वडखळ नाका आठवला.

“मग यावर उपाय?”

“पिव्हट चिठ्ठी टाकून निवडायचा, मामा. वाईटात वाईट होऊ शकतंच, पण कुठली यादी दिल्यावर ते होईल, हे कुणालाच ठरवता येत नाही.”

एवढी पानं भिऊन भिऊन लिहिल्यावर ही माणसं शेवटी चिठ्ठ्या टाकतात, हे मला काही झेपलं नाही. बायकोला मात्र फार आवडलं. तिने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाचे दोन तुकडे केले, एकावर पेण लिहिलं, दुसऱ्यावर पाली, आणि डब्यात घालून भाचीसमोर धरले. पाली निघालं.

“छान,” बायको म्हणाली. “उजेडात निघू मग?” भाचीने विचारलं.

“छे गं. पहाटे तीनला.”