सिरीचं माहेर

"वहिनी, नवीन फोन घेताय म्हणे! खरं का?"

आमच्या आणि आप्पांच्या घरामध्ये जांभ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. त्यावरून विरजण जातं, कोकमं येतात आणि बातम्यांची ये-जा तर दिवसभर चालू असते. आप्पा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेत. फोनचा विषय त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवेशिवाय काही लागत नाही.

"घ्यायलाच लागणार," मी म्हटलं. "सासूबाई फोनला बोलून विचारतात, एकादशी कधी आहे, तर नुसते ठिपके हलत राहतात. दुकानदार म्हणाला, हे बोलण्याचं काम नव्या फोनशिवाय व्हायचं नाही, आतली चिप जुनी झाली."

"चिप!" आप्पांनी काठी गडग्याला टेकवली. म्हणजे आता अर्धा तास. "अहो, एकादशी कधी हे फोनला काय माहीत? तो फक्त आवाज टिपतो आणि पाठवतो लांब कुठल्यातरी सर्व्हरकडे. शब्द ओळखणं, अर्थ लावणं, उत्तर शोधणं, सगळं तिकडे. आलेलं उत्तर हा वाचून दाखवतो, एवढंच. तुम्हाला सिरीचं प्रकरण माहीत नाही वाटतं?"

"कोण सिरी?"

"आयफोनमधली हो, बोललेलं ऐकून उत्तर देणारी." आप्पांनी आवाज असा खाली आणला की खालच्या वाडीतल्या कुणाचं तरी मोडलेलं लग्न सांगणार असं वाटावं. "मूळची कॅलिफोर्नियाची. माहेर मेन्लो पार्कचं, एसआरआय इंटरनॅशनल ही संशोधन संस्था. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या डार्पाचा पैसा होता त्या संशोधनात. 2007 साली तिथून वेगळी कंपनी निघाली आणि 2010 च्या फेब्रुवारीत सिरी नावाचं ॲप आलं. फुकट. आयफोन थ्री-जीएसवर चालायचं, 2009 सालच्या फोनवर. हे लक्षात ठेवा. दोन महिन्यांत ॲपलने ती कंपनीच विकत घेतली."

"म्हणजे लग्न झालं."

"झालं, आणि सासर बडं! 4 ऑक्टोबर 2011 ला त्यांनी आयफोन फोर-एस जाहीर केला आणि सांगितलं, सिरी आता फक्त ह्यावर. जुनं ॲप काढून टाकलं. ज्या थ्री-जीएसवर ती सुखाने नांदत होती तिथे दार बंद. आदल्या वर्षी ज्यांनी आयफोन फोर घेतला होता, त्यांनाही नाही. पहिल्या तीन दिवसांत फोर-एस 40 लाखांवर खपले."

"नवी चिप असेल ना पण त्यात?"

"होती की. ए-फाइव्ह, दोन कोअरची. लोकांनाही तेच वाटलं. मग उपद्व्यापी पोरं बसली. फोर-एसमधल्या फायली उचलून त्यांनी आयफोन फोरवर टाकल्या. सिरी उभी राहिली! अडलं कुठे, तर सर्व्हरच्या दारात. तिथे विचारणा व्हायची, फोन फोर-एस आहे का? नोव्हेंबरात ॲप्लिडियम नावाच्या फ्रेंच कंपनीने आतला सगळा व्यवहारच उघडा केला. फोन आवाज दाबून लहान करतो, पाठवतो आणि सोबत फोर-एसची ओळख जोडतो. ती ओळख जोडा, मग बोलणारं यंत्र कुठलंही असो, सर्व्हर उत्तर देतो."

मी ॲपलची बाजू घेऊन बघितली. आप्पांना अडवलं नाही तर ते थांबत नाहीत. "एकदम सगळ्या जगाने बोलायला घेतलं असतं तर सर्व्हर झोपले असते. चार लोकांनाच आधी दिलं, त्यात काय वाईट?"

"हे पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "सिरीवर 2013 पर्यंत 'बीटा', म्हणजे अजून चाचणीत, अशी पाटीही होती. गोंगाटातून आवाज वेगळा काढायची सोय फोर-एसच्या चिपमध्ये जास्त चांगली होती, असंही जाणकार म्हणत. पण मग हे सांगा. 2012 मध्ये आयपॅड मिनी आला, त्यात ए-फाइव्ह आणि त्यावर सिरी. आयपॅड टूमध्ये तीच ए-फाइव्ह, रॅम तेवढीच. त्याला शेवटपर्यंत दिली नाही."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ॲपलनेही कुणाला पटेलसं दिलेलं माझ्या वाचनात नाही.

"आणि अमेरिकेपर्यंत कशाला जाता? जिओफोन आठवतो ना? 2017 चा, बटणांचा, 1500 रुपये अनामत. आपल्या बागेतल्या राखणदाराकडे होता. रॅम 512 एमबी, म्हणजे आजच्या फोनच्या मानाने काहीच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात त्यावर गूगलची सिरी, म्हणजे गूगल असिस्टंट आला, हिंदी आणि इंग्रजीत. 2019 साली तर त्याहून पुढची तऱ्हा. लखनौ-कानपूरला व्होडाफोन-आयडियाच्या गिऱ्हाइकांना एक फुकट नंबर दिला. साध्या टू-जी फोनवरून तो लावायचा आणि बोलायचं, पलीकडून असिस्टंट उत्तर देणार. इंटरनेट नको, स्मार्टफोनही नको. आता सांगा, चिप कुणाची जुनी?"

"मग नव्या फोनात काहीच नाही?"

इथे आप्पा जरा थांबले. म्हातारा भांडकुदळ आहे, पण खोटं रेटत नाही. "आहे. पूर्वी आवाज ओळखायला बहुतेकदा बाहेर जावं लागायचं, आता ते काम फोनमध्येच होऊ शकतं. गूगलने 2019 च्या मार्चमध्ये आपल्या पिक्सेल फोनांना तसा आवाज ओळखणारा प्रोग्राम दिला, आकार फक्त 80 एमबी, पण अमेरिकी इंग्रजीपुरता. ॲपलने 2021 ला आयओएस 15 बरोबर सिरीला तसं शिकवलं आणि त्याला ए-ट्वेल्व्ह किंवा पुढची चिप लागते. हे मात्र नुसतं निमित्त नाही. फोनमध्येच सगळं करायचं तर तेवढा जोर हवा. फायदा असा की पावसात आपल्याकडचा टॉवर गेला तरी गजर लाव म्हटलं की लावेल. शिवाय बोलणं घराबाहेर जात नाही."

"ते मात्र हवं," मी म्हटलं. सासूबाई फोनशी काय काय बोलतात ते गावाने ऐकू नये असंच आहे, त्यात निम्मं माझ्याबद्दल असतं.

"गाव सोडा, 2019 साली बाहेर आलं की सिरीच्या ध्वनिमुद्रणांतले काही नमुने कंत्राटी माणसं ऐकत होती. ॲपलला माफी मागावी लागली."

गप्पा रंगल्या की आप्पा घड्याळ बघत नाहीत, पण माझं कुकरकडे लक्ष होतं. तरी पिक्सेलची गोष्ट त्यांनी ऐकवलीच. 2024 च्या मार्चमध्ये गूगल म्हणालं, जेमिनी नॅनो हे फोनमध्येच चालणारं एआयचं प्रारूप साध्या पिक्सेल 8 ला मिळणार नाही, हार्डवेअरची मर्यादा आहे. लोकांनी ओरडा केला, आणि त्याच महिन्यात मर्यादा सैल झाली. विकसकांसाठीच्या पर्यायात का होईना, ते देण्याचं कबूल केलं. पिक्सेल 8 प्रोमध्ये 12 जीबी रॅम आहे आणि साध्यात 8, हा फरक खराच. पण 'होणार नाही' आणि 'तेवढं चांगलं होणार नाही' यांत केवढं अंतर असतं!

"त्याच वर्षी ॲपलने नव्या हुशार सिरीची जाहिरात केली," आप्पा म्हणाले. "ती हुशारी, नाव 'ॲपल इंटेलिजन्स', फक्त आयफोन फिफ्टीन प्रो आणि पुढच्या फोनांना. साधा फिफ्टीन घेतलेल्यांना नाही, त्यात रॅम 6 जीबी आहे, हवी 8. बरं, ज्यांनी त्यासाठी नवा फोन घेतला त्यांचं काय झालं? 2025 च्या मार्चमध्ये कंपनीने सांगितलं, ती सिरी अजून तयार नाही, पुढे ढकलली. फोन घरी आला, सिरी माहेरीच!"

आम्ही हसत असतानाच कुकरची तिसरी शिट्टी झाली, तेव्हा मी आत पळाले. संध्याकाळी सासूबाईंचा फोन हातात घेतला. अँड्रॉइड 12, रॅम 4 जीबी. गूगलच्या जेमिनी या नव्या बोलक्या मदतनिसालाही अँड्रॉइड 10 आणि 2 जीबी पुरतात. माईकच्या भोकात कणीक बसलेली होती, ती कोरड्या मऊ ब्रशने काढली. भाषा इंग्रजीवर राहिली होती. गूगलच्या असिस्टंटला 2018 पासून मराठी येतं, पण आपण सांगितल्याशिवाय तो बोलणार कसा? ॲपही वर्षभर अपडेट केलेलं नव्हतं, आणि सासूबाई बसतात त्या माजघरात रेंज एकच काडी.

तेव्हा तुमच्याही घरी दुकानदार चिपचं नाव काढेल, तर आधी माईक, भाषा, ॲप आणि रेंज बघा. अँड्रॉइडच इतकं जुनं असेल की ॲप अपडेट होत नाही, तर मात्र फोन बदलावा लागेल. कॅमेऱ्यासाठी घ्या, बॅटरी बसलीय म्हणून घ्या, टॉवर नसताना फोनने ऐकावं असं वाटत असेल तरी घ्या. एकादशी विचारायला नवा फोन लागत नाही.