जुन्या फोर बाय फोरचा पारखी

बुलढाणा जिल्ह्यात जुनी फोर बाय फोर घ्यायला कोणी एकटा जात नाही. घेणारा, पैसे देणारा काका, उगाच आलेला मेहुणा आणि पारखी अशी चार माणसे जातात. पारखी स्वतः मोटारसायकलवर फिरतो. त्याने त्याच्या अधिकाराला बाधा येत नाही.

"इंजनाले पाना नाही लागला अजून," असे मालक म्हणतो तेव्हा पारखी गाडीखाली शिरलेला असतो. हे त्याचे खरे शहाणपण. बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली. एम.एच. २८ पासिंगच्या दोन्ही गाड्या गल्लोगल्ली दिसतात, पण बहुतेकींची मागचीच चाके ओढतात. ४×४ चे स्टिकर कोणत्याही गाडीला चिकटते. पुढच्या एक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट चिकटवता येत नाही. तो आहे का, त्याच्या जॉइंटमध्ये खेळ आहे का, चारही टायर एकाच मापाचे आहेत का, डिफरन्शियलचे ऑइल चहासारखे दुधाळ झाले आहे का, हे पारखी बघतो. दुधाळ असेल तर पाणी शिरलेले असते. अशा वेळी इसार देऊ नये, आणि पारखीही तेच सांगतो.

पुढचा भाग तो बैलजोडीवरून समजावतो. जोडी वळते तेव्हा बाहेरचा बैल जास्त चालतो. तसेच पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. एरवी टू-हायवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या पार्ट-टाइम गाडीत फोर-हाय टाकले की ट्रान्सफर केस दोन्ही एक्सल एकत्र जखडते. चिखलात चाक थोडे घसरून ताण सोडून देते. कोरड्या डांबरावर तो सुटत नाही आणि गिअरच्या दात्यांवर येतो. इतके सांगून पारखी चाचणीसाठी गाडी राजूर घाटाच्या डांबरी वळणांवर नेतो आणि तिथेच फोर-हाय टाकतो. गाडी अडखळते. "पकड पाहा," तो काकांना म्हणतो. खरे तर ही चाचणी नांगरलेल्या वावरात, फोर-लोमध्ये घ्यायची असते; लोमध्ये वेग घटतो आणि ओढ साधारण अडीचपट होते.

डस्टरसारख्या ऑल-व्हील-ड्राइव्हवर त्याचा विश्वास नाही, कारण तिथे ओढायला दांडा नाही. लागेल तेव्हा ताकद आपोआप मागे जाते, हे त्याला लबाडीचे वाटते. जिप्सीचे नाव निघताच मात्र तो फौजेत शिरतो. ती पेट्रोलवर चालते हे कळल्यावर काका गप्प होतात.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का, पंधरा वर्षे कधी भरतात, हे मेहुणा विचारतो. सगळ्यांत उपयोगी प्रश्न तोच, पण त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पारखी मेहनताना घेत नाही; शेगावची कचोरी चालते.

जुलैत पांदण रस्त्यावर काळी माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतात आणि गाडी बसते. फोन पारख्यालाच जातो. तो मोटारसायकलवर येतो. ट्रॅक्टर मागून येतच असतो. पारखी आधी खिडकीतून वाकून आत पाहतो. गाडी टू-हायवर असते.