पाचशेच्या स्टॅम्पवरची सुटका

कोल्हापुरात नवरा-बायकोचं फाटलं की आधी बैठक बसते. मुलीकडचे पाच, मुलाकडचे पाच आणि एक मामा. घर कुठल्याही पेठेतलं असो, मामा तोच. "कोर्टात काय ठेवलंय? चपला झिजतील. आमी हाय न्हवं!" जिच्या संसाराचा विषय, ती आत चहाचे कप भरत असते. बाहेर फ्रिज कुणी दिला आणि पाटल्या किती तोळ्यांच्या, यावर चर्चा रंगते.

एकदा हिशेब मिटला की सोडचिठ्ठी. टायपिंगवाल्याकडं मसुदा तयारच असतो, फक्त नावं बदलायची. 'राजीखुशीने व कोणाच्याही दबावास बळी न पडता' हे वाक्य दहा जणांच्या देखत पोरीकडून वाचून घेतात. मग नोटरीचा शिक्का आणि दोन साक्षीदार, दोघंही मामाचे. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारनं बऱ्याच दस्तांचा स्टॅम्प शंभरावरून पाचशेवर नेला, तेव्हापासून या कागदाचा रुबाबही पाचपट वाढलाय.

वजन मात्र शून्य. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट कोर्ट देतं, नोटरी नाही. जातीत काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायद्यानं मोकळीक ठेवलीय, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. आणि नोटरीचा शिक्का ही अजून तरी कुठल्या जातीची रूढी झालेली नाही. त्या कागदाच्या भरवशावर नवरोबा दुसऱ्यांदा बाशिंग बांधतात. मग पहिली तक्रार करते, भारतीय न्याय संहितेचं 82 वं कलम निघतं, सात वर्षांपर्यंतची कैद समोर दिसते. दुसरीला कळतं की आपण कायद्यानं बायकोच नाही. मामा त्या आठवड्यात जोतिबाला गेलेला असतो.

याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 मध्ये काडीमोडाचा कायदा केला, हिंदू विवाह कायद्याच्या 36 वर्षं आधी. बायकांच्या छळाविरुद्धचा कायदाही त्याच साली. जयंतीला दसरा चौकात पुतळ्याला हार घालायला मामा फेटा बांधून सगळ्यात पुढं.

बैठक फिसकटली की 'आपला वकील' येतो. आपला म्हणजे ज्यानं बांधाचा दावा वीस वर्षं चालवला तो. अनुभव दांडगा! त्याचा सल्ला पक्षाप्रमाणं बदलतो. मुलीकडच्यांना, "आधी 498 ठोका." जुलै 2024 पासून छळाचं ते कलम 85 झालंय, पण तोंडाला सवय जुनीच. मुलाकडच्यांना, "उत्पन्न दाखवू नका." म्हणून बुलेटवरून आलेला गडी कोर्टात आपण बेकार असल्याचं प्रतिज्ञापत्र देतो. मिळकतीचा तपशील दोघांनीही शपथेवर द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्येच सांगून ठेवलंय. बुलेटचे हप्ते त्यात येतातच.

गंमत अशी, की कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्कच नाही. 1984 च्या कायद्यानं त्याला कोर्टाची परवानगी लागते. दोघांनी समुपदेशकासमोर बसून आपलं आपण बोलावं, अशी कल्पना. आपल्याकडं दोघं सोडून सगळे बोलतात. निकाल पटला नाही तर अपील, आणि त्यासाठी आता महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायला नको. चाळीसेक वर्षांच्या आंदोलनानंतर 18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोरच हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. भांडायची एवढी सोय सहा जिल्ह्यांत झालीय.

आणि बाईला वकील फुकट मिळतो. 1987 च्या कायद्यानं, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, नाहीतर 15100 ला फोन. एका बैठकीत एका काकूनं हे सांगून पाहिलं. मामा उखडला, "फुकटचा वकील काय कामाचा?"

मामा स्वतः फी घेत नाही, हे तेव्हा कुणी काढलं नाही.