लेयरकाका

नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला लोक मॉड्युलर किचन बघतात. आमच्या मोशीच्या सोसायटीतले लेयरकाका बाल्कनीत तांब्याभर पाणी ओततात आणि ते कुठे पळतंय ते बघत उकिडवे बसतात. उभा जन्म चाकणच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात गेला. निवृत्तीनंतर भजनी मंडळात रमतील असं काकूंना वाटलं होतं. पण नातवाने लॅपटॉपवर क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि काका हातचे गेले.

तेव्हापासून कुठलाही प्रश्न असो, उत्तर एकच : "लेयर टाकून बघू." इस्रोचं 'भुवन' उघडायचं, खाली सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट, वर ओढे, विहिरी, पूररेषा.

भाचीला नदीकाठचं स्थळ आलं. पत्रिका, पगार, सगळं जुळलं. काकांनी फक्त पत्ता मागितला. "घर निळ्या रेषेत आहे. म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर. लाल रेषा 100 वर्षांची. तेवढं चाललं असतं, बघायला आपण कुठे असणार!" लग्न अर्थात झालं. मात्र 2025 च्या मे महिन्यात महापालिकेने चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले पाडले, तेव्हा काकांनी ती बातमी घरच्या ग्रुपवर तीनदा टाकली.

सकाळी "भाजी आणतो" म्हणून निघतात ते स्कूटरवरून निघोजे-म्हाळुंग्यापर्यंत. याला ते 'ग्राउंड ट्रुथिंग' म्हणतात. टपरीवरच्या म्हातारबांना विचारतात, "इथं विहीर होती ना?" म्हातारबा चहाचा ग्लास न ठेवताच कंपनीच्या कंपाउंडकडे हनुवटी करतात. काका मोबाइलवर टिंब टाकतात. घरी अक्षांश-रेखांश येतात, कोथिंबीर राहते. "तिचा लेयर नाही का हो?" काकू विचारतात.

पार्किंगच्या एकाच कोपऱ्यात दर पावसाळ्यात पाणी साचायचं. कमिटीने प्लंबर बदलून पाहिले. काकांनी प्रिंट आणली : जुना ओढा बरोबर सेक्रेटरींच्या गाडीखालून गेलेला! त्या दिवसापासून कमिटी त्यांचं ऐकते. गच्चीचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडलं तेही त्यांच्याच हट्टाने. टँकर बंद नाही झाले, उन्हाळ्यात उशिरा यायला लागले.

आता काका टँकरवाल्यालाच गाठतात. "कुठल्या बोअरवर भरलास रे? टिंब टाकतो."

तो पाइप जोडताजोडता हात जोडतो. "काका, चहा पाजतो. पण तेवढं नकाशात घालू नका."