जेईई : स्वरूप, नियम आणि नातेवाईक

जेईई मेन ही अभियांत्रिकी, आर्किटेक्चर आणि नियोजन या पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. २०१२पर्यंत तिच्या जागी एआयईईई होती. ते नाव घेताना नेमके किती ‘ई’ झाले, हे बोटांवर मोजावं लागे. २०१३पासून नाव आटोपशीर झालं. २०१९पासून ती एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) घेऊ लागली आणि वर्षातून दोनदा होऊ लागली, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. (कोरोनाच्या २०२१ सालात चार सत्रं झाली, तेव्हाच्या घरांविषयी न बोललेलं बरं.) दोन्हींतला सरस स्कोअर धरतात. सोय विद्यार्थ्याची म्हणून केली. परिणाम असा, की पूर्वी परीक्षेपुरता बंद होणारा घरचा टीव्ही आता दिवाळीपासून एप्रिलपर्यंत सलग बंद असतो.

बी.टेक.चा पेपर तीन तासांचा, ७५ प्रश्नांचा, ३०० गुणांचा. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. चार पर्यायांतला कुठलाही डोळे मिटून निवडला, तरी सरासरीने पाव गुण पदरात पडतो. हे मांडून दाखवण्याइतकं गणित ज्याला येतं, त्याला डोळे मिटावे लागत नाहीत. ज्याला मिटावे लागतात, त्याला ‘निगेटिव्ह मार्किंग आहे, अंदाजपंचे काही ठोकू नकोस’ असं वडिलांनी केंद्राच्या फाटकापर्यंत बजावलेलं असतं.

फाटकापाशी झडती होते. जाड तळव्याचे बूट चालत नाहीत, दागिने चालत नाहीत, बॉलपेन आणि पाण्याची बाटली पारदर्शक लागते. मनगटावरचा गंडा सोडायचा की नाही, यावर आई आणि सुरक्षारक्षक यांच्यात अल्पकाळ वाटाघाटी होतात. तोडगा निघतो : गंडा वडिलांच्या मनगटावर जातो आणि पुढचे तीन तास त्याचा लाभ त्यांना होतो.

निकाल पर्सेंटाइलमध्ये, दशांशचिन्हापुढे सात आकडी. परीक्षा अनेक पाळ्यांत होते, पेपर कमी-जास्त अवघड निघतात, म्हणून प्रत्येक पाळीतलं सापेक्ष स्थान काढलं जातं. ही पद्धत रास्तच आहे. अडचण आजोबांची होते. नातवाला ९२ म्हटल्यावर ते पेढे आणायला निघतात. परीक्षेला बसणारे दहा लाखांहून अधिक, म्हणजे ९२ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे निदान ऐंशी हजारांची रांग असते. ही माहिती त्यांना बहुधा पेढेवाल्याच्या दुकानात मिळते, कारण पेढेवाल्याचा मुलगाही बसलेला असतो.

आर्किटेक्चरचा पेपर स्वतंत्र, ४०० गुणांचा. गणित १००, अभियोग्यता चाचणी २००, आणि उरलेले १०० चित्रकलेचे. गणित आणि अभियोग्यता संगणकावर होतात, चित्रं मात्र कागदावर. कंपासपेटी, पेन्सिली, खोडरबर, रंगीत खडू उमेदवाराने घरून आणायचे. जलरंग नेले तरी वापरायची मुभा नाही. ज्या मुलाची चित्रकलेची वही आठवीत ‘आता अभ्यासाचं बघ’ म्हणून माळ्यावर टाकली होती, त्याच्यासाठी अकरावीत चित्रकलेचा क्लास शोधला जातो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची प्रमाणपत्रंही कपाटातून बाहेर निघतात, जरी ती इथे कुणी विचारत नाही. आर्किटेक्चरला नाटा नावाची दुसरी परीक्षाही आहे; ती आर्किटेक्चर कौन्सिल घेते. सावध घरातली मुलं दोन्ही देतात, शिवाय अभियांत्रिकीसाठी राज्याची एमएचटी-सीईटीही. महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीचे प्रवेश जेईईवर देऊन पाहिले आणि २०१६ला पुन्हा सीईटी धरली, त्यामुळे दोन-तीन बॅचच्या पालकांना नियम पाठ होईतो ते बदललेले असत.

मेनमधले वरचे सुमारे अडीच लाख जेईई अ‍ॅडव्हान्स्डला पात्र ठरतात. ती आयआयटीच घेतात, सात जुन्या संस्था आळीपाळीने. एका दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर. मधल्या सुटीत आई डबा उघडते आणि ‘पहिला कसा गेला?’ हे विचारायचं नाही असं ठरलेलं असूनही विचारते. आयआयटीत आर्किटेक्चर हवं असेल, तर त्यानंतर एएटी ही वेगळी परीक्षा. तिच्यात फक्त पास किंवा नापास, क्रमांक नाहीच. क्लासवाल्यांना ही परीक्षा मनापासून आवडत नाही, कारण ‘देशात पहिला’ असा फ्लेक्स तिच्यावर लावता येत नाही.

शेवटी जोसा, म्हणजे जागावाटप. पसंतीक्रम भरायचा, मग मिळालेली जागा ‘फ्रीझ’ करायची, ‘फ्लोट’ ठेवायची की ‘स्लाइड’, ते ठरवायचं. फ्लोटमध्ये संस्थाही बदलू शकते, स्लाइडमध्ये संस्था तीच राहून शाखा बदलते. हे तिन्ही शब्द घरात सर्वांत आधी मामाला कळतात. तो पुण्याहून फोनवर सांगतो, ‘फ्लोटच ठेव, नागपूरचं व्हीएनआयटी लागेल.’ मग राज्याच्या प्रवेशाच्या कॅप राउंड सुरू होतात आणि मामाचा फोन पुन्हा येतो.